मदत हवी आहे: टेबल फॅनच्या पात्यावरची टोपी नक्की कुठल्या बाजूला फिरते?

टेबल फॅन धुवायला काढलाय, पुढची जाळी निघाली पण पात्याच्या मधोमध ती प्लास्टिकची टोपी असते ना, ती काही केल्या सुटेना. नेहमीसारखी घड्याळाच्या काट्याच्या उलट फिरवतोय तर अजूनच आवळत चालल्यासारखी वाटतेय आणि जोर लावावा तर प्लास्टिक तडकायची भीती. घरात एक जण म्हणतो उलटे आटे असतील, म्हणजे नेहमीच्या विरुद्ध दिशेने सुटणारे, दुसरा म्हणतो तेल सोड. उलटे आटे वरून बघून ओळखायचे कसे?

आणि धागा काढलाच आहे तर अजून एक, सिंकखालचा नट खालून हात घालून सोडवायचा तर काट्याची दिशा वरून बघून धरायची की खालून? माझं डोकं तिथेच उलटं फिरायला लागतं.

प्रतिसाद १
तेल बिल नको, आधी प्लगची पिन काढा, पातं एका हाताने धरा आणि टोपी काट्याप्रमाणे फिरवा. बहुतेक टेबल फॅनला तिथे उलटेच आटे असतात. पातं पुढून बघितलं तर काट्याप्रमाणे फिरतं, फॅन सुरू होताना टोपी जरा मागे रेंगाळते म्हणून उलट्या आट्यावर ती आवळली जाते, सरळ आटे असते तर ढिली झाली असती. टोपीवर बारीक बाण असतो बऱ्याचदा, धुळीखाली गेला असेल. पात्यामागचा, जाळी धरणारा मोठा नट मात्र सरळ आट्याचा, तो नेहमीसारखाच.

प्रतिसाद २
सिंकचं सोपंय. नट ज्या बाजूने बाहेर येणार त्या बाजूने बघायचं, म्हणजे इथे खालून, आणि काट्याच्या उलट. आडवं पडून तेही सुचत नसेल तर उजव्या हाताचा अंगठा नट जायला हवा त्या दिशेला करा, बोटं वळतात तिकडे फिरवा. सरळ आटे असले की हे कुठेही चालतं.

प्रतिसाद ३
ओळखायचं म्हणाल तर वेल्डिंगच्या ॲसिटिलीन गॅसच्या नळीच्या नटाला कडांवर खाच असते, ती उलट्या आट्याची खूण. तिथे आटे उलटे ठेवतात ते ऑक्सिजनची नळी चुकून तिथे लागू नये म्हणून. सायकलचं डावं पेडलही उलट्या आट्याचं, पण त्यावर खाच असेलच असं नाही.

धागाकर्ता
निघाली!! अर्ध्या फेऱ्यात. आता बसवताना काट्याच्या उलट ना?

प्रतिसाद १
हो, आणि हातानेच आवळा, पक्कड नको.