कॅनन २००डी मार्क २ साठी परवडणारा बाहेरचा फ्लॅश कोणता घ्यावा?

सांजवेळ

नमस्कार. माझ्याकडे कॅननचा २००डी मार्क २ हा कॅमेरा आणि त्याच्याबरोबर आलेली १८-५५ लेन्स आहे. गावातल्या वाचनालयाची व्याख्याने, बक्षीस समारंभ आणि नात्यातली बारशी, डोहाळजेवणे यांची छायाचित्रे मी हौसेने काढतो. दिवसाउजेडी काम निभावते. परंतु संध्याकाळच्या कार्यक्रमात कॅमेऱ्याचा स्वतःचा फ्लॅश उघडला की चेहरे पांढरेफटक येतात, मागच्या भिंतीवर काळी सावली उमटते आणि चष्मा लावलेल्या वक्त्यांचे डोळेच दिसत नाहीत, नुसत्या काचा चमकतात. फ्लॅश टाळून आयएसओ (प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता) वाढवला, तर वाचनालयाच्या वार्षिक अहवालात छापण्याजोगे चित्र मिळत नाही.

कॅननचा फ्लॅश माझ्या आवाक्याबाहेर आहे. सहा-सात हजार, अगदी गरज पडली तर त्याहून थोडे अधिक खर्च करण्याची तयारी आहे. गोडॉक्सचा टीटी६०० किंवा योंगनुओचा वायएन५६० यांपैकी एक घ्यावा असा विचार आहे, कारण मॅन्युअल, म्हणजे ताकद हाताने ठरवायचे, असल्यामुळे ते स्वस्त पडतात आणि दोन्हींचा गाइड नंबर (फ्लॅशची ताकद दाखवणारा आकडा) साठच्या आसपास दिलेला आहे. टीटीएल असलेल्या, म्हणजे प्रकाशाची मात्रा कॅमेऱ्याकडून आपोआप ठरणाऱ्या, फ्लॅशसाठी जास्त पैसे मोजणे खरोखर आवश्यक आहे का? शिवाय मामांच्या रीळवाल्या कॅमेऱ्याचा जुना व्हिव्हिटार फ्लॅश घरात पडून आहे, तो या कॅमेऱ्यावर चालेल का? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

दीपमाळ

सांजवेळ, आपण निवडलेले दोन्ही फ्लॅश चांगले आहेत, पण आपल्या कॅमेऱ्यावर बसवले तर त्यांपैकी एकही उडणार नाही. म्हणून पैसे देण्याआधी कॅमेऱ्याच्या डोक्यावरचा हॉट शू, म्हणजे फ्लॅश बसवायची खाच, नीट न्याहाळून पाहावा.

कॅननच्या बहुतेक डिजिटल एसएलआर कॅमेऱ्यांच्या हॉट शूमध्ये धातूचे पाच ठिपके असतात, मधोमध एक मोठा आणि जवळच चार लहान. शटर पूर्ण उघडले की मधल्या मोठ्या ठिपक्यातून मंडल जोडले जाते आणि फ्लॅश उडतो. कोणत्याही कंपनीचा साधा मॅन्युअल फ्लॅश कोणत्याही कॅमेऱ्यावर चालतो असे आपण वर्षानुवर्षे ऐकत आलो, ते या एका ठिपक्याच्या जोरावर. २०१९ साली आलेल्या २००डी मार्क २ मध्ये कॅननने नेमका हाच ठिपका काढून टाकला. टीटी६०० आणि वायएन५६० यांच्या पायाला तेवढी एकच पिन असल्यामुळे त्यांना कॅमेऱ्याकडून इशारा मिळण्याची वाटच उरत नाही. कमी पैशांत फोटोग्राफी शिकू पाहणाऱ्यांच्या हातात जो कॅमेरा जातो, त्याच कॅमेऱ्यातून ही सोय काढून घेतली याचे मला मनापासून वाईट वाटते.

त्यामुळे टीटीएल आवश्यक आहे का, हा प्रश्न आपल्यापुरता निकालात निघतो. कॅननसाठीच बनवलेला टीटीएल फ्लॅश उरलेल्या चार लहान ठिपक्यांतून कॅमेऱ्याशी बोलतो आणि उडण्याचा आदेशही त्याला तिथूनच मिळू शकतो. गोडॉक्सचा टीटी६८५ हा या वर्गातला माझ्या मते सर्वांत समाधानकारक पर्याय आहे. मात्र त्याच्या नावापुढचे अक्षर तपासून घ्यावे, कारण सी म्हणजे कॅनन, एन म्हणजे निकॉन आणि एस म्हणजे सोनी. बाहेरून हे सर्व सारखेच दिसतात आणि गडबडीत भलताच हातात पडू शकतो. दुकानात बराच काळ पडून राहिलेल्या मालात जुने फर्मवेअर (फ्लॅशच्या आतली आज्ञावली) असण्याची शक्यता असते, म्हणून आपला कॅमेरा सोबत न्यावा आणि तिथेच लावून, प्रत्यक्ष फोटो काढून पाहावा. घरपोच मागवायचा असेल, तर परत घेण्याची मुदत संपण्याआधी ही चाचणी उरकावी.

टीटीएलचा दुसरा लाभ म्हणजे कार्यक्रमात माणसे हलत असतात. मुख्य फ्लॅशच्या आधी एक क्षीण फ्लॅश पडतो, परत आलेला प्रकाश कॅमेरा मोजतो आणि त्यावरून किती प्रकाश टाकायचा ते ठरवतो. पाहुणे व्यासपीठावरून खाली उतरून श्रोत्यांत आले, तरी आपल्याला आकडे बदलत बसावे लागत नाही.

आपल्याला टीटी६००च घ्यायचा असेल, तर एक मार्ग आहे. तो कॅमेऱ्यापासून दूर टेबलावर ठेवून एस२ या स्थितीत ठेवला की कॅमेऱ्याचा छोटा फ्लॅश पाहून तो उडतो, आणि आधीच्या क्षीण फ्लॅशने फसत नाही. घरात बाळाचे फोटो काढताना ही युक्ती छान जमते. समारंभात मात्र तिचा उपयोग नाही, कारण दुसऱ्या कोणीही फ्लॅश मारला की आपला फ्लॅशही उडत राहतो.

रंकाळा

दीपमाळ यांनी जोडणीबाबत सांगितलेच आहे. मी लग्नाची कामे करतो, म्हणून वापराच्या बाजूने थोडे लिहितो.

प्रथम गाइड नंबराविषयी. खोक्यावरचे दोन आकडे शेजारी ठेवून तुलना करू नये. टीटी६००चा ६० हा आकडा फ्लॅशचे डोके २०० मिमीवर झूम केलेले असतानाचा आहे, तर वायएन५६०चा ५८ हा १०५ मिमीवरचा. झूम जितका अधिक तितका प्रकाशाचा झोत अरुंद आणि आकडा मोठा, त्यामुळे नुसत्या मोठ्या आकड्यावरून कोणता फ्लॅश अधिक जोरदार ते ठरत नाही. आपली लेन्स १८ मिमीपासून सुरू होते. तिथे डोके २४ मिमीच्या आसपास राहते आणि हाच गाइड नंबर तिशीच्या खाली येतो.

आता हिशेब करून पाहा. गाइड नंबर २८ धरला, तर एफ ५.६ या छिद्राला थेट फ्लॅश ५ मीटरपर्यंत पुरतो, कारण या नंबराला छिद्राच्या आकड्याने भागले की अंतर मिळते. पण आपल्याला थेट फ्लॅश नको आहे. डोके छताकडे वळवल्यावर प्रकाश वर जाऊन खाली येतो आणि वाटेत बराच विखुरतो. दोन स्टॉपचे, म्हणजे प्रकाश एक चतुर्थांश उरण्याइतके, नुकसान धरले तर गाइड नंबर निम्मा, म्हणजे १४ झाला. आयएसओ १०० वरून ४०० केला की तो पुन्हा दुप्पट होतो. म्हणजे एफ ५.६, आयएसओ ४०० आणि फ्लॅशपासून छतामार्गे माणसापर्यंत एकूण ५ मीटर, एवढे काम हा फ्लॅश पूर्ण ताकदीवर करतो. साधारण दहा फुटी छताच्या खोलीत हे सहज बसते. सभागृह उंच असेल तर आयएसओ ८०० किंवा १६०० करावा, त्यात काहीही कमीपणा नाही.

म्हणून स्वस्त फ्लॅश निवडताना माझी पहिली अट अशी असते की डोके वर-खाली तर व्हावेच, शिवाय दोन्ही बाजूंना वळून मागेही फिरावे. कॅमेरा उभा धरला की नुसते वर-खाली होणारे डोके भिंतीकडे वळते आणि छत हाताबाहेर जाते. केवळ टीटीएल आहे म्हणून अडकलेल्या डोक्याचा छोटा फ्लॅश घेऊ नका; तो आपल्या छोट्या फ्लॅशचीच सावली पुन्हा देईल. चष्म्याची अडचणही इथेच सुटते, कारण छतावरून किंवा बाजूच्या भिंतीवरून येणारा प्रकाश काचेवर आदळून लेन्सकडे न येता दुसरीकडे जातो. वक्ता मान खाली घालून वाचत असेल, तर छताऐवजी बाजूची भिंत पकडावी.

मात्र छत पांढरे हवे. मांडवाला गुलाबी किंवा पिवळे कापड लावलेले असले आणि तिकडे फ्लॅश मारला, तर नवरीच्या चेहऱ्यावर तोच रंग चढतो आणि तो नंतर संगणकावर पूर्णपणे निघत नाही, कारण शालूचा रंगही त्याच्याबरोबर सरकतो. पत्र्याच्या शेडमध्ये तर प्रकाश परत येतच नाही. अशा ठिकाणी डोके वर करून फ्लॅशमध्ये असलेले पांढरे कार्ड बाहेर काढावे आणि माणसांच्या जवळ जाऊन काम करावे.

सेलवर कंजुषी करू नये. अल्कलाइन सेल भर कार्यक्रमात दमतात आणि दोन फ्लॅशमधला वेळ वाढत जातो. हार घालण्याचा क्षण त्यातच निसटतो. चांगले निकेल-मेटल हायड्राइड सेल आणि प्रत्येक सेल स्वतंत्रपणे भारणारा चार्जर घ्यावा, आणि चार-चारचे दोन संच बाळगावेत. त्यांचा खर्च फ्लॅशच्या अंदाजपत्रकात पहिल्यापासून धरावा. गोडॉक्सचा लिथियम बॅटरीचा व्ही८६०, जो एका भारणीत कित्येकशे पूर्ण फ्लॅश देतो, तो उत्तमच आहे, परंतु आपल्या कामाला त्याची गरज दिसत नाही.

जुनी रीळ

व्हिव्हिटारबद्दल. मधला ठिपका नसल्याने तो आपल्या कॅमेऱ्यावर उडणार नाही, त्यामुळे धोका टळला आहे. पण दुसऱ्या कोणाच्या कॅमेऱ्यावर तो लावून पाहण्याचा मोह होऊ शकतो, म्हणून लिहितो. व्हिव्हिटार २८३च्या सुरुवातीच्या काही फ्लॅशच्या पिनेवर २५० व्होल्टपेक्षाही अधिक दाब आढळतो. जुन्या कॅमेऱ्यांत तो यांत्रिक संपर्कावरून जात असे, आता तो थेट इलेक्ट्रॉनिक मंडलावर जातो आणि काही डिजिटल कॅमेऱ्यांची सहनशक्ती अवघी ६ व्होल्ट होती. फ्लॅश सुरू करून, तयार असल्याचा दिवा लागल्यावर मल्टिमीटरचे एक टोक मधल्या पिनेला आणि दुसरे पायाच्या कडेच्या धातूला लावून दाब मोजावा. मोजल्याशिवाय तो कोणाच्याही कॅमेऱ्यावर लावू देऊ नये.

सांजवेळ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. हॉट शू भिंगाखाली पाहिला. मधे खरोखरच काही नाही. कालच कॅमेरा घेऊन दुकानात गेलो आणि टीटी६८५ सी लावून पाहिला, तो व्यवस्थित उडाला. अंदाजपत्रकाच्या थोडा वर जातो, पण तोच घ्यायचे ठरवले आहे.

आणखी दोन शंका आहेत. वाचनालयाच्या सभागृहात पिवळे दिवे आहेत आणि व्यासपीठामागे गडद निळा मखमली पडदा आहे. अशा वेळी कॅमेऱ्यावर कोणते आकडे ठेवावेत? आणि हाय-स्पीड सिंक, म्हणजे अगदी वेगवान शटरलाही फ्लॅश वापरण्याची सोय, मला लागेल का?

रंकाळा

कॅमेरा एम (मॅन्युअल) स्थितीत ठेवा, शटर १/८०, छिद्र एफ ५.६, आयएसओ ८००, आणि फ्लॅश टीटीएलवर. एम असले तरी फ्लॅशची मात्रा कॅमेराच ठरवत राहतो. शटर फक्त सभागृहाचा मूळ उजेड किती घ्यायचा ते ठरवते. १/२०० ला पार्श्वभूमी काळोखी होते, आणि सभागृह भरलेले असूनही ओस वाटते.

गडद पडदा चित्रात बराच आला तर कॅमेऱ्याला वाटते की प्रकाश कमी पडला, आणि चेहरे जास्त उजळतात. तेव्हा फ्लॅशची भरपाई, म्हणजे मात्रा कमी-जास्त करण्याचा आकडा, उणे २/३ करावी. उलट पांढरे सदरे आणि टोप्या घातलेल्या मंडळींचा गट असेल, तर तीच भरपाई अधिक २/३ करावी.

पिवळ्या दिव्यांसाठी फ्लॅशच्या तोंडावर नारिंगी जेलचा (पारदर्शक रंगीत पट्टीचा) तुकडा लावावा. फ्लॅशचा प्रकाश साधारण ५५०० केल्विनचा (आकडा कमी तितका उजेड पिवळा) आणि तसले दिवे ३००० च्या आसपासचे असल्याने, जेल नसेल तर चेहरे निळसर आणि मागची मंडळी पिवळी दिसतात. जेल लावल्यावर कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स (उजेडानुसार रंग जुळवण्याची सोय) टंगस्टनवर, म्हणजे पिवळ्या दिव्यांच्या पर्यायावर, न्यायला विसरू नये.

हाय-स्पीड सिंक उन्हात मोठ्या छिद्रावर व्यक्तिचित्र काढताना लागते. टीटी६८५ मध्ये ते आहेच, पण त्यात फ्लॅशची ताकद बरीच घटते, म्हणून सभागृहात ते बंद ठेवा. खरेदीचे छापील बिल मागून घ्या, आणि कार्यक्रम संपला की फ्लॅशमधून सेल काढून ठेवत जा.