छोटी गाडी म्हणजे असुरक्षित गाडी, हे खरंच खरं आहे का?

चाकोरीबाहेर:
मित्रासोबत नवीन गाडी बघायला गेलो होतो. त्याला छोटी हॅचबॅकच हवी होती, सगळं ठरलं होतं, पण त्याच्या मेहुण्याने बोनेटवर अंगठा दाबून दाखवला आणि म्हणाला, बघ पत्रा कसा आत जातो, ह्यात बायकापोरांना बसवणार का? झालं, मित्राने बेत बदलला आणि आता ऐपतीबाहेरची मोठी गाडी बघतोय. मला हे अजिबात पटलेलं नाही म्हणून इथे लिहितोय.

अंगठा दाबून काहीही कळत नाही हो. बाहेरचा पत्रा हे नुसतं कातडं असतं, धडकेचा भार घेतात ते बंपरमागचे पोकळ बीम, दाराखालचा सिल आणि काचेच्या दोन्ही बाजूंचे पिलर, आणि गाडीचं नाक चेपायलाच हवं, ते त्यासाठीच बनवलेलं असतं. बेला बारेनी या मर्सिडीजच्या इंजिनिअरने ही कल्पना मांडली, पुढचा-मागचा भाग चेपू दे पण माणसं बसतात ती पेटी शाबूत राहू दे, आणि १९५९ साली ती प्रत्यक्ष गाडीत आली. हिशोब करून बघा, ताशी ६४ किमी वेगाची गाडी ६० सेंटीमीटर चेपत थांबली तर आतल्या माणसाला सरासरी २७ जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या सत्तावीस पट, इतका झटका बसतो. तीच ३० सेंटीमीटरमध्ये थांबली तर दुप्पट. म्हणजे 'टणक' गाडी, जी चेपतच नाही, ती आतल्या माणसासाठी जास्त वाईट. आणि चांगली पेटी छोट्या गाडीतही बनवता येते. रेनॉ मोडस ही लहान गाडी, २००४ मध्ये युरो एनकॅप या युरोपातल्या धडक चाचणीत पाचपैकी पाच स्टार घेऊन गेली.

वजनदार:
क्रंपल झोनचं, म्हणजे त्या चेपणाऱ्या नाकाचं, सगळं मान्य. पण तुम्ही गाडी भिंतीवर आपटताय, रस्त्यावर समोरून दुसरी गाडी येते, आणि तिथे वजनाला पर्याय नाही.

१००० किलोची गाडी आणि २००० किलोची गाडी, दोघी ताशी ५० ने समोरासमोर. अडकून एकत्र सरकल्या तर दोघींचा मिळून वेग उरतो साधारण १७, तोही मोठीच्या दिशेने. म्हणजे मोठीचा वेग बदलला ३३ ने आणि छोटीचा ६७ ने. दुप्पट. हे कुठल्याही पिलरने बदलत नाही.

आणि हे नुसतं कागदावर नाही. २००९ मध्ये अमेरिकेतल्या आयआयएचएस या धडक चाचण्या घेणाऱ्या संस्थेने स्मार्ट फॉरटू मर्सिडीज सी क्लासवर, होंडा फिट अकॉर्डवर आणि टोयोटा यारिस कॅमरीवर आदळवून बघितली. या तिन्ही छोट्या गाड्यांना अडथळ्यावरच्या चाचणीत 'चांगली' असा शेरा होता, आणि मोठ्या बहिणीशी टक्कर झाल्यावर तिघींनाही 'वाईट'. स्मार्टची तर पेटी इतकी भक्कम म्हणून गाजलेली, ती उसळून गरगर फिरली. तुमच्या मित्राच्या मेहुण्याची पद्धत चूक होती पण निष्कर्ष बरोबर होता.

पाना_पक्कड:
मी बॉडीचं काम करतो, ठोकलेल्या गाड्या रोज बघतो, त्यामुळे माझ्याकडचं सांगतो. गाडी आली की मी आधी बोनेट बघतच नाही. ए पिलर (पुढच्या काचेच्या बाजूचा खांब) वाकलाय का, पुढची दारं हाताने उघडतात का, पेडल आत आलेत का, एवढं बघितलं की आतल्या माणसाचं काय झालं असेल ते जवळजवळ कळतं. नाकाचा पार चेंदामेंदा झालेली छोटी नवी गाडी बघितलीय जिची चारही दारं उघडत होती. आणि जुनी दणकट मोठी गाडी, पुढून फारसं काही दिसत नव्हतं पण स्टिअरिंग सीटपर्यंत सरकलं होतं.

वजनदार साहेब, तुम्ही सांगितली त्याच संस्थेने त्याच २००९ मध्ये १९५९ ची शेव्हरोले बेल एअर नव्या मालिबूवर आदळवली होती. बेल एअर म्हणजे लांबलचक लोखंडी धूड. तिची पेटीच कोसळली आणि मालिबूत माणसाच्या जागी बसवलेल्या पुतळ्याला पायाला किरकोळ. म्हणून 'मोठी' म्हणताना कधीची मोठी ते पण विचारा.

आणखी एक, विषय थोडा सोडून. ठोकून दुरुस्त केलेली गाडी घेताना पिलर नि सिल कापून वेल्ड केलेत का ते बघा. उडालेल्या एअरबॅगच्या जागी नुसतं झाकण लावून डॅशबोर्डवरचा दिवा बंद केलेला मी स्वतः पकडलाय. अशा गाडीला कंपनीचे कितीही स्टार असू देत, काही उपयोग नाही.

सावलीतली:
तुमचं वजनाचं गणित वाचून राहवलं नाही म्हणून लिहिते. आमची गाडी मोठी होती, जड होती, एअरबॅगा सहा. समोरून धडक बसली. पुढे भाऊ बेल्ट लावून बसला होता, मागे काकू, बेल्ट नाही, कारण मागे कोण लावतं. काकू सुटून त्याच्या सीटच्या पाठीवर आदळल्या. काकूंचं खुब्याचं हाड मोडलं आणि भावाच्या बरगड्या मोडल्या त्या पुढच्या धडकेने नाही, मागून सीट दाबली गेल्यामुळे, असं डॉक्टरांनी सांगितलं. एअरबॅग उडाली ती पुढे, मागच्या माणसाने मागून दिलेल्या धक्क्याला ती काय करणार?

तीन बिंदूंचा बेल्ट व्होल्वोच्या निल्स बोलिन यांनी १९५९ मध्ये आणला आणि कंपनीने त्याचं पेटंट सगळ्यांना खुलं केलं. तरी आपण गाडीचं वजन मोजत बसतो आणि मागचा बेल्ट सीटखाली खुपसून ठेवतो. खूप राग येतो मला ह्याचा. आणि लावणारेही सीट आडवी पाडून झोपतात, मग बेल्ट कमरेच्या हाडावर न राहता पोटावर चढतो आणि माणूस खालून निसटतो.

वजनदार:
ताई, वाईट वाटलं वाचून. बेल्टबद्दल एक शब्द वेगळा नाही. पण दोन्ही गाड्यांत सगळ्यांनी बेल्ट लावलेत असं धरा, मग? मग परत वजनच उरतं. स्टारसुद्धा साधारण सारख्या वजनाच्या गाड्यांतच तुलना करण्यासाठी असतात, छोटीचे पाच आणि मोठीचे पाच एक नव्हेत, हे लोकांना कुणी सांगत नाही.

चाकोरीबाहेर:
स्टारचं बरोबर आहे, मी ते लिहायला हवं होतं. २००९ च्या चाचण्याही मान्य. पण दोन गोष्टी.

एक, सगळे अपघात जड गाडीशी समोरासमोर होत नाहीत. झाड, खांब, कठडा, तिथे तुमचं जास्तीचं वजन तुमच्याच नाकाला जिरवावं लागतं.

दुसरं जास्त महत्त्वाचं. तुमच्या गणितात ३३ चा फायदा आकाशातून पडत नाही, तो समोरच्याच्या ६७ मधून येतो. तो घाबरून उद्या अडीच हजार किलोची घेणार, मग तुम्ही तीन हजारांची. ह्याला शेवट काय? म्हणूनच युरो एनकॅपने २०२० पासून चाचणी बदलली, १४०० किलोचा सरकता अडथळा आणि गाडी दोन्ही ५० ने एकमेकांवर, आणि गाडीने समोरच्याचं जास्त नुकसान केलं तर तिचे गुण कापतात. मोठ्या गाडीने आपलं नाक असं बनवावं की छोटीलाही वाचता येईल, हे करता येतं, आणि ते मागितलं पाहिजे.

वजनदार:
मागूया की. पण ते होईपर्यंत माझी पोरं मागच्या सीटवर बसणार आहेत, समोरून येणाऱ्या अनोळखी माणसाच्या भल्यासाठी मी त्यांना हलक्या गाडीत बसवू शकत नाही. हे स्वार्थी वाटलं तरी मी ते लपवणार नाही.

सावलीतली:
स्वार्थी नाही म्हणणार मी, आईबाप असेच विचार करतात. फक्त पोरं त्या मागच्या सीटवर बांधलेली असतात का, एवढंच सांगा. लहान असतील तर चाइल्ड सीट आहे ना?

वजनदार:
धाकटीची आहे. मोठा नऊ वर्षांचा, बेल्ट गळ्याला घासतो म्हणून तो पाठीमागून घेतो.

पाना_पक्कड:
साहेब, ते आजच थांबवा. पट्टा पाठीमागे गेला की छातीला काहीच धरत नाही, सगळा भार पोटावर येतो. बूस्टर सीट, म्हणजे पोराला उंच बसवणारी बैठक, लावा, पट्टा आपोआप खांद्यावर येईल. ते केल्याशिवाय त्याला गाडीत घेऊन निघू नका, गाडी कितीही जड असू दे.

वजनदार:
हे माहीत नव्हतं. संध्याकाळी बूस्टर बघतो. बाकी वजनाचं माझं मत आहे तेच आहे. मित्राला एवढं सांगा की ज्या दोन गाड्यांत अडकलाय त्या दोन्हींच्या धडक चाचणीचे व्हिडिओ बघ, आणि त्यात ए पिलर वाकतो का तेवढंच बघ.