दगडी प्रार्थनागृहासाठी सौरऊर्जा: पाणी, हवा की वीज?

दीपमाळ: इमारत दगडी, उंच छताची, आतलं आकारमान साधारण ३००० घनमीटर. हिवाळ्यात आत ५ अंश. प्रार्थना आठवड्यातून एकदा, दोन तास. बाकांवर ६० माणसं. दक्षिणेकडच्या कौलारू छपरावर ४० चौरस मीटर जागा आहे. सौर पाणीतापक जुन्याच रेडिएटरना (गरम पाणी फिरवून खोली तापवणाऱ्या लोखंडी पट्ट्यांना) जोडले तर भागेल का? आत लाकडी ऑर्गन (वाद्य) आणि भित्तिचित्रं आहेत.

ऊनसावली: नाही भागणार. जुने रेडिएटर ७०-८० अंशांच्या पाण्याच्या हिशोबाने बसवलेले असतात. हिवाळ्यातल्या तिरप्या उन्हात सपाट तापक चाळिशीच्या आसपासच घुटमळतो. पाणी गोठू नये म्हणून ग्लायकॉल घालावं, तर उन्हाळ्यात वापर नसताना तेच जास्त तापून खराब होतं. मुळात दोन तासांसाठी हवा तापवायचीच कशाला? गरम हवा छताला जाऊन बसते, उरलेली ऊब दगड पितो. माणसं तापवा.

बाकाखाली विजेचे हीटर, माणशी १५० वॅट, म्हणजे ९ किलोवॅट. आधीचा अर्धा तास धरून २२-२३ युनिट. तेवढ्या छपरावर ७ किलोवॅटची पॅनेल बसतात. ढगाळ हिवाळ्यात किलोवॅटमागे दिवसाला १ युनिट धरलं तरी आठवड्याला ४९. नेट मीटरिंग (जादा वीज ग्रिडला देऊन ती बिलातून वळती करून घेण्याची सोय) मिळत असेल तर बॅटरी घेऊ नका, सहा दिवस नुसती पडून राहील. मंजूर भार, म्हणजे वीज कंपनीने तुमच्या जोडणीला दिलेली किलोवॅटची मर्यादा, मात्र आधी तपासा.

ओलकोरड: ऑर्गनजवळच्या बाकांना हीटर नकोच. ५ अंशांना ८० टक्के आर्द्रता असलेली हवा १५ अंशांवर नेली की ती साधारण ४१ टक्क्यांवर येते. लाकूड आकसतं, सांधे उघडतात, रंगाचे पापुद्रे सुटतात. ईएन १५७५९-१ हे युरोपीय मानक नेमकं प्रार्थनास्थळं तापवण्याबद्दलच आहे, ते बघा.

ओल घालवायला सौर हवातापक (उन्हाने तापलेली बाहेरची हवा पंख्याने आत सोडणारी पेटी) चांगला, पण पंखा नुसत्या उन्हावर सोडू नका. दमट दिवसांत बाहेरची हवा थंड दगडावर पाणी सोडते. आतबाहेरची आर्द्रता ग्रॅम प्रति घनमीटरमध्ये ताडून पंखा चालवणारा कंट्रोलर लावा. शिवाय एकेरी झडपही हवी, नाहीतर रात्री ऊब तापकातूनच निघून जाते.

दीपमाळ: छपराला वजन पेलेल?

ऊनसावली: रेलसकट चौरस मीटरला साधारण १५ किलो. वाशांची तपासणी इंजिनिअरकडून करून घ्याच, पण वजनापेक्षा वाऱ्याची उचल, म्हणजे वारा पॅनेल वर ओढतो तो जोर, बघा. पॅनेलची रेल धरणारे हुक वाशात स्क्रूने बसवा, कौलांखालच्या रिपांत नाही. हुक खालच्या कौलावर टेकला तर वाऱ्याच्या दाबाने ते तडकतं. वरच्या कौलाला आतून खाच घासून हुकासाठी जागा करा.