डिक्टेटर सुल्ला : हुकूमशहा, सर्वाधिकारी की कुलमुखत्यार?

शब्दवेडी : रोमन सेनानी सुल्लावरच्या लेखाचं भाषांतर करतेय. 'इ.स.पू. ८२ मध्ये तो हुकूमशहा झाला आणि पुढे त्याने ते पद आपणहून सोडलं' हे वाक्य संपादकांनी परत पाठवलं. हुकूमशहा कधी आपणहून जातो का, म्हणाले. पण सुल्ला खरंच गेला! 'डिक्टेटर'ला दुसरा शब्द सुचवा.

घाटवाट : सर्वाधिकारी. रोममध्ये ते रीतसर पद होतं, संकटकाळी जास्तीत जास्त सहा महिन्यांसाठी. 'शहा' म्हटलं की गादी आली, आणि राजा म्हणजे रोमन माणसाला शिवीच. शिवाय हुकूम अरबी, शहा फारसी. आपल्याकडे शब्द असताना उसनवारी कशाला?

मोडीप्रेमी : हुकूम चारशे वर्षं मराठीत नांदतोय, त्याला उसना कसं म्हणता? माझा शब्द कुलमुखत्यार. आजोबांनी जमिनीच्या दाव्यासाठी धाकट्या भावाला कुलमुखत्यारपत्र करून दिलं होतं; सही भावाची, निर्णय भावाचा. सुल्लालाही कायदा करूनच अधिकार दिले होते.

तळटीप : मुखत्यारपत्र रद्द करता येतं. सुल्लाचं कोण रद्द करणार? इ.स.पू. ८८ मध्ये स्वतःच्याच शहरावर फौज घेऊन चाल करणारा माणूस तो. त्याच्या आधी १२० वर्षं कुणी डिक्टेटर नेमलाच नव्हता. याला मुदतही घातली नाही. त्याने ट्रिब्यूनांचे, म्हणजे सामान्य जनतेच्या प्रतिनिधींचे, अधिकार छाटले, सिनेट वाढवली. हुकूमशहाच लिहा, खाली टीप द्या.

घाटवाट : मग सहा महिने राबून घरी गेलेल्या जुन्या डिक्टेटरांना काय म्हणाल? तेही हुकूमशहा?

मोडीप्रेमी : 'डिक्टेटर' तसाच ठेवा. सविनय कायदेभंगात काँग्रेसनेही एकामागून एक 'डिक्टेटर' नेमले होते, तेव्हा कुणी दचकलं नाही.

शब्दवेडी : पुढच्याच परिच्छेदात 'प्रोस्क्रिप्शन' आहे. तडीपार चालेल?

तळटीप : मुळीच नाही. तडीपार माणूस हद्दीबाहेर सुखाने राहू शकतो. सुल्लाच्या यादीत नाव लागलं की मारणाऱ्याला इनाम, मालमत्तेचा लिलाव, मुला-नातवंडांना सरकारी पदं बंद. 'वधयादी' म्हणा.

घाटवाट : वधयादी गुपचूपही करता येते. ही फोरममध्ये, म्हणजे रोमच्या मुख्य चौकात, उघड लावलेली होती, मूळ शब्दाचा अर्थच जाहीर लिहून लावणं. 'जाहीरनामा' का नको?

मोडीप्रेमी : जाहीरनामा म्हटलं की निवडणूक डोळ्यांपुढे येते. त्यापेक्षा 'डकवलेली यादी' बरी.

तळटीप : डकवायला कागद लागतो. रोममध्ये पाट्या होत्या.