निर्वासितांच्या गटासाठी शरीराचे व्यायाम हवेत (डोळे मिटायला न लावता)

नमस्कार मंडळी,

युद्धातून निसटून आलेल्या लोकांच्या एका गटात मी स्वयंसेवक आहे. समुपदेशक नाही. मानसोपचारतज्ज्ञांची वेळ मिळेपर्यंत लोक ताटकळतात. तोवर झोप नाही, दार आपटलं की दचकणं, मान-खांदे कायम आखडलेले. घडलेलं सांगायची बहुतेकांची तयारी नसते, त्यातून मध्ये दुभाषी. म्हणून तज्ज्ञांच्याच सल्ल्याने शरीरापासून सुरुवात केली आहे.

पण नेहमीचं शिथिलीकरण इथे उलटतं. "आडवे व्हा, डोळे मिटा, श्वासाकडे लक्ष द्या" म्हटलं की काहींची धडधड वाढते. छळात ज्याचा श्वास कोंडला गेला, त्याला श्वासाकडे बघायला लावणं म्हणजे परत तिथेच नेऊन सोडणं. पाठीमागून कुणी फिरलेलंही चालत नाही.

सध्या सगळं खुर्चीत, डोळे उघडे, दार दिसेल असं बसून. तळहात एकमेकांवर रेटून सोडायचे, पाठ खुर्चीला दाबायची, मग खोलीतल्या पाच वस्तूंची नावं आपापल्या भाषेत मोठ्याने घ्यायची. इथे चक्क हशा होतो! ज्याला हवं त्यानेच उच्छ्वास जरा लांबवायचा.

अडलंय ते तळपायांशी. मन 'आत्ता, इथे' परत आणायला पाय जमिनीवर घट्ट रोवा, हा सगळीकडे सांगितला जाणारा पहिला उपाय. पण तळव्यांवर मारणं हा छळाचा जुना प्रकार आहे, आणि अशांना वर्षानुवर्षं चालतानाही दुखतं. त्यांना पाय रोवायला कसं सांगू? मांड्यांवर तळहात दाबणं पुरेसं होतं का? आणि कुणाला तसा मार बसलाय हे चारचौघांत विचारता येत नाही, तेव्हा सगळ्यांसाठीच पाय रोवणं वगळावं का?

दुसरं, डेव्हिड बर्सेली यांचे 'टीआरई' व्यायाम, म्हणजे ताण आणि आघात शरीरातून मोकळा करण्यासाठीचे. मांड्या थकवून अंगात मुद्दाम कंप आणतात. पुरावा तोकडा वाटतो, आणि तज्ज्ञ शेजारी नसताना गटात घ्यायला माझं मन धजत नाही. कुणी अशा गटात घेतलेत का?

जागतिक आरोग्य संघटनेचा 'सेल्फ हेल्प प्लस' हा ताण हाताळायला शिकवणारा गट-कार्यक्रम माहीत आहे. युगांडातल्या दक्षिण सुदानी निर्वासित स्त्रियांमध्ये त्याची चाचणी झाली, मानसिक त्रास कमी झालेला दिसला. पण तो मुख्यतः ऐकण्याचा कार्यक्रम, ध्वनिमुद्रित सत्रांचा. मला हालचाली हव्यात.

शेवटचं: कुणाची नजर मध्येच शून्यात गेली, हाकेला ओ नाही, तर मी अंगाला हात न लावता नाव घेते, आज वार कोणता आणि आपण कुठे आहोत ते सांगते. याउपर काय करावं?

योगासनं सुचवलीत तर नुसती नावं नकोत, खुर्चीत बसून कशी करायची तेही लिहा.