गाठ साधी आहे म्हणतात, मग जबड्याचं हाड काहून कापायचं?

मेघा, सक्करदरा:
माझा दीर, वय २६. उजव्या गालाखाली, कानाच्या अंगाला हाड फुगल्यासारखं दिसायचं. दुखणं काहीच नाही. जवळच्या दवाखान्यात अक्कलदाढ म्हणून गोळ्याच सुरू होत्या. दाढ हलायला लागली तेव्हा ओपीजी, म्हणजे पूर्ण जबड्याचा एक्स-रे काढला, त्यात साबणाच्या फेसासारखे कप्पे. शासकीय दंत महाविद्यालयात तुकडा काढून तपासला, रिपोर्ट अमेलोब्लास्टोमा, म्हणजे जबड्याच्या हाडातली गाठ. कॅन्सर नाही म्हणाले, अन् त्याच दमात हाड कापावं लागेल म्हणाले! दुसरे डॉक्टर म्हणतात, खरवडून काढू. सासूबाईंचं एकच, "साधी आहे ना, मग?" वरून तो खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखू खातो, त्यानंच झालं, हे रोजचं भांडण.

ओरल सर्जन, रामदासपेठ:
ताई, रिपोर्टात ‘युनिसिस्टिक’, म्हणजे एकाच पोकळीचा, असं आहे का बघा. तसं असेल अन् गाठीच्या पेशी त्या पोकळीच्या भिंतीत शिरल्या नसतील, तर खरवडून भागू शकतं. नेहमीच्या प्रकारात पेशी एक्स-रेत दिसणाऱ्या कडेच्या पुढे, हाडाच्या जाळीत गेलेल्या असतात. नुसतं खरवडलं तर बरेचदा परत येतो. म्हणून कडेपलीकडचं १ ते २ सेंमी हाडही काढतात. सीटी करा. जबड्याची खालची कड शाबूत असेल तर ती ठेवून वरचाच भाग काढता येतो का, ते विचारा.
खर्ऱ्यानं हे होत नाही, दात घडवणाऱ्या पेशींतून होतं. पण खर्रा बंदच करा. त्यानं तोंड उघडेनासं झालं असेल तर भूल देणाऱ्याची पंचाईत होते.

नंदनवनचा भाऊ:
वहिनी, माझं आधी खरवडलंच होतं. काही वर्षांनी त्याच जागी पुन्हा उगवलं. मग हाड कापून पायातलं बारीक हाड, फिब्युला, जबड्याला लावलं. चालतो, जिना चढतो, काही अडत नाही. खालचा ओठ मात्र एका बाजूनं बधिर आहे. शीत चिकटून राहिलं तर बायको बोटानं दाखवते. तरीपोह्याला बरेच महिने मुकलो, तोवर पातळ वरण अन् गुरगुट्या भात. नुसती प्लेट लावणार की हाडही, अन् दात कधी बसवणार, हे आधीच विचारून घ्या राजेहो.

मेघा, सक्करदरा:
रिपोर्टात ‘फॉलिक्युलर’ आहे, युनिसिस्टिक कुठंच नाही. सीटी सोमवारी. सासूबाईंना भाऊंचं वाचून दाखवलं, त्यांनी फक्त विचारलं, "पाय लंगडत नाही ना?"

ओरल सर्जन, रामदासपेठ:
शरीराचा भार मुख्यतः शेजारच्या जाड हाडावर असतो, सांगा त्यांना. फॉलिक्युलर म्हणजे नेहमीचाच प्रकार, खरवडण्याचा नाद सोडा. तपासलेल्या तुकड्याच्या काचेच्या स्लाइड अन् मेणातला ब्लॉक मागून जपून ठेवा. ऑपरेशननंतर ओपीजी वेळच्या वेळी काढत राहायचा. हा १० वर्षांनंतरही परतलेला आहे.