इलियडमधला अकिलीस रुसलाय की त्याचा हक्क मारला गेलाय?

वाचनकट्टा
दादरला शनिवारी इलियडचं, होमरच्या ग्रीक महाकाव्याचं, वाचन सुरू करतोय. पाच बैठका, प्रत्येकी दीड तास. येणाऱ्या मंडळींना महाभारत पक्कं ठाऊक आहे, ग्रीक अजिबात नाही. दोन प्रश्न हमखास येणार. एक, ट्रॉयशी लढाई पेटलेली असताना ग्रीकांच्या छावणीत बसून राहणारा अकिलीस वीर कसा? दोन, ट्रॉयचा हेक्टर ऐनवेळी पळतो, मग त्याचं शौर्य कुठे गेलं? शिवाय तिमे, क्लेओस, आइदोस या ग्रीक शब्दांना मराठीत काय म्हणायचं? सगळीकडे 'सन्मान' लावला तर फरकच कळत नाही. 24 सर्गांतलं काय निवडावं तेही सांगा.

परळनाका
घोळ 'सन्मान' या शब्दानेच होतो. सन्मान म्हटलं की डोळ्यांपुढे शाल आणि श्रीफळ येतं, किंवा मग माणसाच्या आतला स्वाभिमान. होमरचा तिमे यांपैकी काहीच नाही. तो म्हणजे मानपान. कोकणात गावच्या जत्रेला पहिला नारळ कोणाचा, पालखीला पहिला खांदा कोणाचा हे ठरलेलं असतं, आणि तो मान डावलला तर भावकी तुटते. तिमे असाच चारचौघांत, हातात देता येईल असा असतो. त्याची दिसणारी खूण म्हणजे गेरास, मानाचा वाटा. लूट वाटताना सैन्याने एखाद्यासाठी वेगळा काढलेला भाग.

पहिल्या सर्गात ग्रीकांच्या सेनापतीला, अगामेम्नॉनला, त्याचा वाटा, ख्रिसेइस नावाची बंदिवान मुलगी, परत करावा लागतो, म्हणून तो अकिलीसचा वाटा उचलतो. सगळ्यांनी मिळून दिलेला मान एकट्याने काढून घेतला, भांडण तिथे आहे. तो वाटा म्हणजे ब्रिसेइस, एक जितीजागती बाई. तिचं माणूसपण होमर विसरलेला नाही. 19व्या सर्गात ती अकिलीसच्या मित्राच्या, पॅट्रोक्लसच्या, प्रेतावर रडते तेव्हा नवरा आणि तीन भाऊ डोळ्यांदेखत मारले गेल्याचं सांगते. त्या वीसेक ओळी गाळू नका.

काव्याचा पहिलाच शब्द मेनिस. त्याला 'राग' म्हणू नका, 'रुसवा' तर नकोच. देवीचा होतो तो कोप. इलियडमध्ये हा शब्द मुख्यतः देवांसाठी आणि अकिलीससाठी येतो, आणि आपल्याकडे 'कोप' नेमका त्याच जागी बसतो.

मानाच्या बदल्यात लढायचं, हा सौदा उघड करून सांगणारी जागा 12व्या सर्गात आहे, ओळी 310 ते 328. ट्रॉयच्या बाजूचा राजा सार्पेडॉन सोबत्याला, ग्लॉकसला, विचारतो, आपल्या लिकिया देशात आपल्याला पुढचं आसन, मांसाचा चांगला वाटा, भरलेले पेले आणि नदीकाठची जमीन का मिळते? म्हणून आपण पहिल्या फळीत उभं राहायचं. आणि लगेच म्हणतो, या लढाईतून वाचून अमर होणार असतो तर मीही पुढे गेलो नसतो आणि तुलाही पाठवलं नसतं. फक्त 19 ओळी. पहिल्या बैठकीत पहिला सर्ग वाचून लगेच या घ्या.

तळटीप
वरच्याला जोडून. 'रुसलाय' हा आरोप 9व्या सर्गात टिकत नाही, मात्र तो सावकाश वाचायला हवा. अकिलीसने परत लढावं म्हणून अगामेम्नॉन देऊ करतो ते असं: विस्तव न लागलेल्या 7 तिवया, 10 टॅलंट (जुनं ग्रीक वजन) सोनं, 20 हंडे, 12 घोडे, लेस्बॉसच्या 7 स्त्रिया, ब्रिसेइस परत, पुढे स्वतःची मुलगी आणि 7 गावं. दूत म्हणून आलेल्या तिघांपैकी ओडिसियस ही यादी अकिलीसपुढे जवळजवळ शब्दशः म्हणतो, पण शेवटच्या चार ओळी गिळतो (158 ते 161). त्यांत अगामेम्नॉन म्हणाला होता, त्याने माझ्यापुढे नमावं, मी जास्त मोठा राजा आहे. दोन्ही उतारे दोघांकडून लागोपाठ मोठ्याने वाचून घ्या. गाळलेलं ऐकणाऱ्यांना आपोआप कळतं.

अकिलीसचं म्हणणं असं की भित्र्याला आणि शूराला इथे एकच मान (319). म्हणजे सार्पेडॉन ज्या भरवशावर लढतो तो भरवसाच अकिलीसपुरता मोडलाय. आता कितीही दिलं तरी देणाराच उद्या काढून घेऊ शकतो.

वाचकांची नेहमी चूक होते ती पुढे. तो एकच नकार देत नाही, तीन वेळा पायरी उतरतो. ओडिसियसला: उद्या सकाळी जहाजं हाकारतो. म्हाताऱ्या फीनिक्सला: जायचं की राहायचं ते सकाळी ठरवू. सगळ्यांत थोडक्यात बोलणाऱ्या एजॅक्सला: हेक्टर माझ्या लोकांच्या जहाजांपर्यंत आला की लढेन. एजॅक्स भेटींबद्दल नाही, मैत्रीबद्दल बोलतो, म्हणून तो पोचतो. आणि ओडिसियस परत जाऊन सांगतो फक्त पहिलं उत्तर! हा सर्ग 713 ओळींचा आहे, एका बैठकीत संपवायचा हट्ट धरू नका. तीन भाषणं निवडा, फीनिक्सने सांगितलेली, चिडून लढाई सोडणाऱ्या जुन्या वीराची, मेलिअॅगरची गोष्ट तोंडी सांगा.

शिवडीची_खाडी
हेक्टरसाठी आइदोस, म्हणजे लाज. मराठीत म्हणच आहे, जनाची नाही तर मनाची तरी लाज बाळग. हेक्टरची लाज आधी जनाची आहे. 6व्या सर्गात बायकोला, अँड्रोमाकीला, तो सांगतो की लढाईतून मागे राहिलो तर ट्रॉयच्या माणसांपुढे आणि बायकांपुढे तोंड कसं दाखवू. 22व्या सर्गात (99 ते 130) हीच लाज त्याला मारते. त्याचा सोबती पॉलिडॅमसने आदल्या रात्री सैन्य आत घ्यायला सांगितलं होतं, याने ऐकलं नाही, माणसं मेली. आता आत गेलो तर माझ्याहून हलका कोणी म्हणेल, याने स्वतःच्या बळाच्या भरवशावर लोक घालवले. या ओळी वाचल्याशिवाय पळण्याकडे जाऊ नका. आधी ठाम उभा राहतो, मग विचार करतो, मग अकिलीस जवळ आल्यावर पाय सुटतात. होमर भीती लपवत नाही.

पळताना ते दोन झऱ्यांपाशी येतात, एक गरम, एक बर्फासारखा गार. शेजारी दगडी डोण्या, जिथे शांततेच्या दिवसांत ट्रॉयच्या बायका-मुली धुणं धूत. तटाभोवती तीन फेऱ्या होतात, चौथ्यांदा झऱ्यांपाशी आल्यावर देवांचा राजा झ्यूस दोघांच्या मरणाचा तराजू धरतो. शौर्य त्यानंतर येतं. शेजारी उभा भाऊ डीफोबस म्हणजे अथेना देवीचं सोंग होतं हे हेक्टरला कळतं, भाला उरलेला नसतो, तेव्हा तो म्हणतो, निदान झगडल्याशिवाय मरायचं नाही, आणि तलवार उपसतो.

वाचनकट्टा
मनापासून आभार. क्लेओसला 'कीर्ती' चालेल ना? आणि शेवट कुठे करू?

परळनाका
चालेल, पण क्लेओस हा ऐकण्याशी जोडलेला शब्द आहे, कानावर पडणारं नाव. संस्कृत 'श्रवस्' त्याच मुळातला. अकिलीसचं 'क्लेओस आफ्थितोन' (अक्षय कीर्ती) आणि ऋग्वेदातलं 'अक्षित श्रवस्' यांचं साम्य जर्मन भाषाशास्त्रज्ञ आडालबर्ट कून यांनी 1853 मध्ये दाखवलं. गटाला समजवायला पोवाडा पुरेसा आहे. शाहीर तुळशीदासाच्या पोवाड्यातून तानाजी ऐकला जातो, तसं गाणाऱ्याच्या तोंडी राहिलेलं नाव. त्यामुळे 'पायाचा वेगवान अकिलीस' सारखी ठरलेली विशेषणं, तो बसलेला असला तरी, भाषांतरात कापू नका.

शिवडीची_खाडी
शेवट 24वा सर्ग. हेक्टरचं प्रेत मागायला आलेला त्याचा बाप प्रायम मुलाला मारणाऱ्याचे हात चुंबतो आणि म्हणतो, देवांची भीड ठेव. मुळात क्रियापद तेच, आइदोसचं. 22व्यात 'लाज' लिहिली असेल तर इथे 'भीड' लिहा आणि शब्द एकच आहे हे तोंडी सांगा. मग अकिलीस विचारतो, अंत्यविधीला किती दिवस लागतील? नऊ दिवस शोक, दहाव्या दिवशी अग्नी, अकराव्या दिवशी माती, बाराव्या दिवशी लढू, लढावंच लागलं तर. तेवढे दिवस तो सैन्य थांबवतो.

804व्या ओळीवर हेक्टरची क्रिया संपते, तिथेच पुस्तक मिटा. अकिलीसची टाच आणि ट्रॉयचा लाकडी घोडा इलियडमध्ये नाहीत. कोणी विचारलंच तर घोड्यासाठी होमरच्याच ओडिसीचा 8वा सर्ग दाखवा.